झिजला तर खडू

चंद्रीनं मागचा पाय झटकला आणि बादलीतलं निम्मं दूध शेणात गेलं. आई उकिडवी बसली होती ती तशीच बसून राहिली. म्हशीवर ओरडली नाही, शिवी दिली नाही. नुसती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती, तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"जनावराचा दोष न्हाई," ती शेवटी म्हणाली. "माझंच बोट घसरलं. नख लागलं तिला."

मी गोठ्याच्या दारात उभी होते. उजवा हात स्वेटरच्या खिशात. मार्गशीर्ष होता, त्यामुळं खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या बाईला कुणी काही विचारत नव्हतं. थंडीचे तेवढे उपकार.

भूपाल, माझा धाकटा भाऊ, वैरणीची पेंढी टाकून पुढं आला. "आई, आता बास झालं. चंद्री विकून टाकू. न्हाईतर धारा काढायचं मशीन आणतो."

"मशिनीला पान्हा सोडंल व्हय ती?" आई म्हणाली. "तुला सोडत न्हाई, तुझ्या बायकोला सोडत न्हाई, आन् मशिनीला सोडंल!"

भूपाल परत पेंढीकडं वळला. चंद्री खरंच आईच्या हाताशिवाय थेंब देत नसे. तिची आई, आजी, सगळी जात तशीच. आई कुणाच्याही लग्नाला गेली तरी संध्याकाळच्या धारेला परत यायची. माझ्या लग्नात मी पाठवणीला रडत होते आणि आई मांडवातल्या घड्याळाकडं बघत होती.

"आई," मी म्हणाले, "मिरजेला जाऊ. हात दाखवू एकदा."

हे मी कितीतरी वर्षं म्हणत होते आणि उत्तर ठरलेलं असायचं. "विळा झिजला तर त्याला काय औषिद पाजतीस?" की संपलं. त्या संध्याकाळी मात्र ती बादली विसळत म्हणाली, "चल. उद्या सकाळची धार काढून जाऊ."

मला वाटलं, मी जिंकले. जिंकल्याचा आनंद व्हावा एवढी ताकद मात्र अंगात नव्हती. मी आत जाऊन पडले.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. धार काढायच्या आमच्याकडं दोन तऱ्हा. एक मुठीची, आणि दुसरी अंगठा आत मुडपून त्याच्या सांध्यावर आचळ दाबायची. अंगठ्याची धार जोरकस येते, पण ती हाताला वाईट असं जुन्या बायका सांगत. आई अंगठ्यानंच काढायची. म्हणून तिचा अंगठा मधेच मोडल्यासारखा उलटा वळला, असं सगळं गाव धरून चाललेलं. बोटं करंगळीच्या अंगाला कलली होती, वाऱ्यानं शाळू झुकावा तशी. त्यालाही गावाकडं कारण होतं: शेणी, धुणी, भांडी, पाणी. वडील मी शाळेत असतानाच गेले आणि पुढचा सगळा संसार आईनं म्हशींच्या जोरावर ओढला. "चंपाक्का पोरांसाठी झिजली," असं बायका तिच्या तोंडावर म्हणत, आणि आईला ते आवडायचं. कुणाला साडीचोळीचा मान मिळतो, तिला त्या शब्दाचा मान होता.

"मी झिजलो म्हणून हे घर उभं ऱ्हायलं," ती म्हणायची. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. मी शाळेत जाऊन 'जाते, करते' शिकले, तेव्हा आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगे, "आमची राजमती बायकांसारखं बोलती."

तिनं मला आयुष्यात एकदाच मारलं. मी लहान होते. ती नदीवर गेलेली बघून मी म्हशीखाली बसले आणि तिच्यासारखा अंगठा मुडपून आचळ ओढायला लागले. ती आली, धुण्याचा पिळा टाकला आणि फाडकन माझ्या कानाखाली वाजवली. मग माझे दोन्ही हात पदरानं पुसत बसली, जणू काही त्यांना लागलंय.

"परत हितं बसायचं न्हाई. तुला खडू धरायचाय. झिजला तर खडू झिजंल, हात न्हाई."

तेव्हापासून मला कणीक मळू दिली नाही, भांड्याला हात लावू दिला नाही. पहाटे उठून माझा युनिफॉर्म ती धुवायची, त्याच हातांनी. मी जयसिंगपूरच्या हायस्कुलात गणिताची बाई झाले. भाकरी थापता येत नाही म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली. शिकलेली सून आणली आणि पिठाला घाबरते, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. मी ऐकून घेतलं. माझे हात सरळ होते आणि ते सरळ राहावेत म्हणून कुणीतरी स्वतःचे वाकडे करून घेतले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या पावसाळ्यात माझी बोटं सुजायला लागली.

सकाळी मूठ वळेना. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलायचा. खडू धरला की बोटांच्या मुळाशी ठणका. मी फळ्यावर कमी लिहायला लागले, पोरींनाच पुढं बोलावून गणितं सोडवायला लावायची. हेडबाईंना वाटलं, ही काही नवी शिकवायची पद्धत आहे, आणि त्यांनी माझं कौतुक केलं. दुखण्यापेक्षा थकवा वाईट होता. रात्रभर झोपून उठलं तरी कुणीतरी आपल्याला वापरून ठेवून दिल्यासारखं वाटायचं. औषधाच्या दुकानातून मी ठणक्याच्या गोळ्या आणायची आणि पर्समध्ये ठेवायची. डॉक्टरकडं गेले नाही. डॉक्टर नाव सांगणार, आणि ते नाव फिरून आईच्या कानावर जाणार. तिला काय सांगू? तू मला खडू दिलास, आणि तरी हात गेलाच?

म्हणून मी आईकडं जाताना हात लपवत होते. एवढंच मला सांभाळायचं होतं. तिला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस्टीनं मिरजेला गेलो. तिथं सांध्यांच्या डॉक्टर होत्या, कणबरकर म्हणून. तरुण, डोळ्यांखाली काळं, बाहेर ही गर्दी. आधी हातांचा फोटो काढून आणायला सांगितलं. ऊन चढलं होतं. बाकावर बसल्या बसल्या आई म्हणाली, "स्वेटर काढ की. उकडत न्हाई?"

"असू दे. कणकण वाटतीय."

"बरं," ती म्हणाली, आणि समोरच्या पंख्याकडं बघत बसली.

आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी आईच्या हातांचा एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. त्या काचेवर आईचे हात पहिल्यांदाच मला कातड्याशिवाय दिसत होते. ओळखू मात्र लगेच आले.

"झिजल्यात न्हवं?" आई म्हणाली, थोड्या अभिमानानंच.

"नाही मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "झिजलेले सांधे वेगळे दिसतात. ही हाडं खाल्लेली आहेत. इथं बघा, कडेला. कुरतडल्यासारखं दिसतंय ना?"

"कोण कुरतडंल? अंगात उंदीर हाईत व्हय?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. दिवसातून कितीदा हे सांगत असतील कोण जाणे, पण आईला मात्र सावकाश सांगितलं.

"मावशी, हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. आपल्या अंगात काही पेशी असतात त्यांचं कामच जुनं हाड खाऊन टाकायचं. त्यांच्या मागनं दुसऱ्या येतात, त्या नवं हाड भरतात. रोज थोडं खणायचं, रोज थोडं भरायचं. सगळ्यांच्या अंगात चालतं, माझ्याही. पण या आजारात शरीर आपल्याच सांध्यावर उलटतं. सांधा सुजतो. ती सूज खाणाऱ्यांना हाका मारून गोळा करते, आणि भरणाऱ्यांना काम करू देत नाही. मग नुसतं खाणंच चालू राहतं."

आई त्या काचेजवळ सरकली.

"मुंगी मारायची न्हाई, दिवस बुडाल्यावर खायाचं न्हाई, म्हणून जैनाचा जलम काढला आम्ही," ती म्हणाली. "आन् हे माझ्याच हाडांवर दिवसरात जेवाय बसल्यात!"

आता डॉक्टर हसल्या. "अगदी. आणि ठणका कमी झाला म्हणजे जेवण थांबलं असं नाही हं. दुखण्याची गोळी फक्त दुखणं थांबवते. सुजेला मुळातनं आवरणारं औषध वेगळं. ते घेतलं तरच हे थांबतात."

माझ्या पर्समध्ये ती दुखण्याची गोळी होती. मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"मग धारा काढून हे हुईत न्हाई?" आईनं विचारलं.

"नाही."

"अंगठा मुडपून काढली तर?"

"तरी नाही. त्यानं दुखणं वाढेल, आजार होणार नाही."

"शेण, धुणं, पाणी?"

"नाही मावशी. कामामुळं झालेलं नाही हे."

मला डॉक्टरांना सांगावंसं वाटलं, बाई, जरा दमानं. तुम्ही औषध देताय की काय काढून घेताय, तुम्हांला माहीत नाही. आई एकेका कामाचं नाव घेत होती आणि डॉक्टर नाही म्हणत होत्या, आणि दर 'नाही'ला तिच्या आयुष्यातलं काहीतरी गळून पडत होतं. मला तिच्याकडं बघवेना.

"मग जिनं कधी धार काढलीच न्हाई," आई म्हणाली, "तिलाबी हुतंय?"

"होऊ शकतं. घराण्यातही असतं कधी कधी."

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "राजू, पाण्याची बाटली उघड गं. घसा वाळलाय."

मी पिशवीतून बाटली काढली. साधी प्लास्टिकची बाटली, घट्ट झाकणाची. डाव्या हातानं फिरवून बघितलं. मांडीत धरून बघितलं. झाकणावर पदर गुंडाळला. शेवटी उजवा हात बाहेर काढावाच लागला, तरी झाकण हलेना. दात लावणार एवढ्यात लक्षात आलं, दोघीही माझ्या हाताकडं बघत होत्या.

"तुमचे हात बघू," डॉक्टर म्हणाल्या.

"माझं काही नाही. दाखवायला आईला आणलंय."

"बघू तर."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी, हलकेच आवळला. दुखलं की आपल्याकडं तोंडातून जे निघतं तेच निघालं. "आई गं!"

आणि आई शेजारीच बसली होती.

पुढं जे झालं ते मी परक्या बाईसारखं बघितलं. माझं रक्त घेतलं, माझा फोटो काढला. तो फोटो आईच्या फोटोशेजारी लावला. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं दाखवलं: एका बोटाच्या मुळाशी, कडेला, उंदरानं नुसतं दात लावून बघावं एवढी खाच.

"खाणं सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "पण लवकर आलात. मावशींची गेलेली हाडं परत येणार नाहीत. उरलेली राखू. तुमची मात्र बहुतेक सगळी राखता येतील, गोळी चुकवली नाही तर. आठवड्यातनं एकदाच घ्यायची आहे. एकच दिवस ठरवा. रोज घ्यायची नाही, आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यायचं."

दोघींना एकच औषध लिहून दिलं.

बाहेर आवारात बाकावर बसलो. आईनं घरून आणलेली दशमी काढली आणि दोन्ही तळव्यांत दाबून तिचे तुकडे केले. बोटांनी मोडणं तिनं कधीच सोडलं होतं. एक तुकडा मला दिला.  मला रडू आलं होतं, आणि रडायचाही कंटाळा आला होता.

"आई," मी म्हणाले, "डॉक्टर लोकांचं काय, पुस्तकातलं सांगतात. तू कष्टानंच झिजलीस. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"गप बस."

"पण..."

"गप बस म्हंतोय न्हवं?" ती दशमीचा तुकडा हातात तसाच धरून बसली. "झिजल्याला औषिद नसतंय, राजू. खातंय म्हटल्यावर असतंय. मी झिजलो झिजलो म्हणत बसलो तर तूबी तसंच म्हणशील, आन् गोळी खाणार न्हाईस. मला ठाऊक हाईस तू."

माझा उजवा हात आपोआप खिशात गेला.

"पंचमीला बांगड्या भराय बसलीस," ती म्हणाली. "कासारीण हात दाबाय लागली तर तुझ्या डोळ्यात पाणी. म्हणालीस, नको, लहान व्हत्यात. तुझं माप मला ठाऊक न्हाई व्हय? तवाधरनं बघतोय. खिशात हात, पदराखाली हात. मला वाटायचं, खडूनं काय कुणाचा हात झिजत न्हाई. मग हिचा कशानं सुजला? आन् हिचा तसाच सुजला, तर माझा कशानं गेला?"

"म्हणून आलीस तू मिरजेला?"

"तू एकटी आली असतीस?"

 समोरच्या दुकानात आमची दोघींची औषधं एकाच पुडक्यात बांधून ठेवली होती.

"आणि ती बाटली?"

"ती मीच घट्ट लावून घेतली व्हती," आई म्हणाली. "भूपालकडनं."

याला आता वीस वर्षं झाली. औषधाला आम्ही बेस्तरवार ठरवला. आई होती तोवर दर बेस्तरवारी तिचा फोन यायचा, "खाल्लीस का?" एवढाच, आणि ठेवून द्यायची. तिची बोटं सरळ झाली नाहीत. माझी अजून सरळ आहेत, थकवा मात्र पुरता कधी गेला नाही. त्याच्याशी आता ओळख झालीय.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. आम्ही गावात उतरलो तेव्हा दिवस कलला होता आणि चंद्री वाटेकडं तोंड करून हंबरत होती. आई घरात गेलीच नाही. पायावर पाणी घेतलं, आमोणाचं, भिजवलेल्या पेंडीचं, घमेलं म्हशीपुढं ठेवलं, आणि बादली घेऊन माझ्याकडं वळली.

"स्वेटर काढ. बस हितं."

"कुठं?"

"म्हशीखाली. आन् कुठं?"

"आई, मला कुठं येतंय?"

"येत न्हाई ते माझ्यामुळं. कामानं हात जात न्हाई म्हणाली न्हवं ती बाई? मग आता कशाची भीती?" तिनं बादली माझ्या पुढ्यात ठेवली. "दुखलं तर सोड. पण बस एकदा. इतकी वरसं उगंच तुला हितनं हाकलत ऱ्हायलो."

ते 'उगंच' तिनं सहज म्हटलं, पण म्हटल्यावर तिनं बादलीची कडी दोनदा नीट केली. मी स्वेटर काढून खुंटीला अडकवला आणि बसले. गुडघ्यांत बादली धरली. आचळ गरम होतं, वाटलं होतं त्यापेक्षा मऊ. मी दाबलं. काही नाही. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पाय उचलला.

"ए बाई," आई तिला म्हणाली, "थांब जरा. माझीच हाय ती."

ती माझ्याशेजारी टेकली. एक हात म्हशीच्या कासेवर फिरवत राहिली. मग दुसरा, तो वाकडा हात, माझ्या हातावर ठेवला. तिच्या बोटांत जोर नव्हता. ती नुसती माझ्या बोटांवर होती. चंद्रीचा पाय हळूच खाली आला, कास भरून आली, आणि बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली.

मला हसू आलं आणि नाक वाहायला लागलं, दोन्ही एकदमच. लहानपणी आईचं बघून ठेवलेलं हाताला आठवलं असावं, मी अंगठा आत घेतला.

"अंगठा मुडपू नगंस," आई म्हणाली. "मुठीनं काढ."

"मग तुझा मुडपलाय तो कशानं?"

तिनं माझ्या हातावरचा आपला हात काढला. गोठ्यातल्या उरल्यासुरल्या उजेडात धरून पुढून बघितला, मागून बघितला.

"माझा धारंनं मुडपला न्हाई," ती म्हणाली.